सोळा कोठ्या आणि पाच कड्या

खानदेशात मे महिन्यात जाऊ नका, असं मला तिघांनी सांगितलं. त्यातले दोघं मूळचे तिकडचेच. तरीही गेलो, कारण ज्या कामासाठी जायचं होतं ते जूनपर्यंत थांबणारं नव्हतं. परत येऊन आता तीन आठवडे झाले. सांगलीतले मित्र विचारतात, काय पाहिलंस तिकडे? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितो.

आधी काम सांगतो. एकतीस वर्षं मी सांगलीत धान्याच्या गोदामात भांडारपाल होतो. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका लहान कंपनीचं काम अर्धवेळ करतो. ही कंपनी धान्यात खुपसायची एक काठी बनवते. काठीला वर, मध्ये आणि तळाला असे तीन डोळे असतात. ते तापमान मोजतात आणि दर तासाला आकडे फोनवर पाठवतात. धान्यात कीड लागली की ती डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी तेवढीच जागा गरम होते. किडेही श्वास घेतातच. गरम जागा वेळेत कळली तर दोन पोती चाळून भागतं. नाही कळली तर अख्खी कोठी गुरांपुढे जाते. शेतापासून गिरणीपर्यंतच्या वाटेत धान्य असं किती वाया जातं, ते मी एकतीस वर्षं स्वतःच्या हातांनी झाडून काढलंय.

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एका गावात बायकांच्या गटाचं धान्यघर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तसं कबूल केलंय. तिथे पत्र्याच्या सोळा कोठ्या आहेत, प्रत्येकीत पाच क्विंटल दादर. दादर म्हणजे तिकडची रब्बीची ज्वारी, आमच्याकडच्या शाळूची बहीण. सोळा कोठ्या, प्रत्येकीत एक काठी, काठीला तीन डोळे, म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस आकडे. हे आकडे मी घरी बसून पाहतो. बायको चौदा महिन्यांपूर्वी मुलीकडे बंगळूरला गेली. जुळी नातवंडं आहेत, तिला येता येत नाही, आणि मी तिथे कुणाच्या उपयोगाचा नाही. सकाळचा चहा मी सोळा कोठ्यांबरोबर घेतो असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

या वर्षी अकरा कोठ्यांचा तळ तेहतीस-चौतीस अंशांवर होता. पाच कोठ्यांचा तळ अडतीसवर चढला. क्रमांक दोन, पाच, नऊ, दहा आणि चौदा. मागच्या वर्षीही याच पाच. शेतं वेगवेगळी, पण वाळवण एकाच खळ्यावर, छप्पर एकच, भरण्याचा दिवसही एकच. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले, काही जुळेना. कंपनीतल्या मुलांचं म्हणणं, काठ्या बिघडल्यात. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं म्हणणं, बायका तळाशी जुना माल दडवतात. खरं काय ते पाहून अहवाल लिहायचा होता, आणि गाडी भरायला आठच दिवस राहिले होते.

जळगाव

जळगावात सव्वाअकराला रिक्षातून उतरलो आणि फोन बंद पडला. बंद होण्याआधी पडद्यावर सूचना आली की उपकरण गरम झालंय. ज्या फोनवर मी दुसऱ्यांच्या कोठ्यांचा ताप मोजतो तोच तापला होता. समोरच्या रसवंतीवाल्याने तो माझ्या हातातून घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बर्फाच्या पेटीवर ठेवला. वीस मिनिटं बसा म्हणाला. मी दोन ग्लास रस घेतला. फोन बाविसाव्या मिनिटाला सुरू झाला.

व्यापाऱ्याचं नाव पारसभाऊ. आजोबा राजस्थानातून आले, ह्यांचा जन्म इथलाच. मराठी माझ्यापेक्षा साफ. दादर घ्यायची, निवडायची, दळायची आणि पीठ वसतिगृहांना पुरवायचं, हा त्यांचा धंदा. गोदाम इतकं स्वच्छ की मी चप्पल बाहेर काढली. मागच्या वर्षी बायकांच्या पहिल्या गाडीतली सहा पोती त्यांनी परत पाठवली, दुसऱ्या गाडीतली नऊ. प्रत्येक पोत्यात जिवंत किडे होते. आमच्या गोदामात अशा वेळी विषारी गोळ्या ठेवून ताडपत्री घालत. मी ते सुचवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. गोळी ते ठेवत नाहीत आणि किड्यासकट दळतही नाहीत.

"फसवलं याचं मला फार वाटत नाही, साहेब," ते म्हणाले. "दळताना जीव जातो. ते पाप त्या बायांच्या कोठीत राहत नाही, माझ्या गिरणीत येतं."

यंदा एकाही पोत्यात जिवंत किडा निघाला तर व्यवहार संपला, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. त्या गावाला दुसरा व्यापारी लगेच मिळणार नाही हेही त्यांना माहीत होतं. म्हणून तर मला बोलावलं, म्हणाले. मग माझ्या पिशवीतली नमुन्याची काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ही ताप सांगते. ताप कशानं आला ते सांगत नाही. शेवटी डॉक्टर पाठवावा लागतोच, मग काठीचं काय काम?"

याचं उत्तर मला जळगावात सुचलं नाही, पुढे सुचलं.

संध्याकाळी त्यांनी घरी जेवायला नेलं. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून सहा वाजून दहा मिनिटांनी पानावर बसलो. ऊन अजून भिंतीवर होतं. तुपात बुडवलेली बट्टी, डाळ, कैरीची आंबटगोड भाजी. कांदा-लसूण नाही तरी चव उणी नाही. घरात अकरा माणसं. सगळी एकमेकांच्या मध्ये बोलत होती आणि कुणाचंच वाक्य पुरं होत नव्हतं. मोठ्या सुनेने विचारलं, काकूंना का नाही आणलं? मी बंगळूरचं सांगितलं. ती म्हणाली, मग तुमची मजा आहे. सगळे हसले, मीही हसलो.

सात वाजता लॉजवर पोचलो तेव्हा अजून उजेड होता, आणि दिवसातलं करण्यासारखं सगळं करून झालं होतं. बायकोला फोन केला. चार मिनिटं दहा सेकंद. त्यातली तीन मिनिटं एक नातू फोन चाटत होता.

धुळे

जळगाव सोडल्यावर थोडा वेळ रस्त्याच्या कडेला केळी दिसली, मग नुसतं पिवळं रान. धुळ्याला मी उतरलो तो कोठ्या बनवणाऱ्या कारागिराला भेटायला. तळ गरम होतो, तर तळाच्या जोडातून ओल येत असेल, असा माझा तर्क होता. आमच्या सांगलीकडे हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवतात. पेवात ओल कुठून शिरते ते शोधण्यात माझ्या वडिलांचं आयुष्य गेलं. त्यामुळे मला ओलीचाच संशय आधी येतो.

पत्र्याचं काम करणाऱ्यांच्या गल्लीत युसूफमामूंचं दुकान आहे. वय सत्तरच्या आसपास. आवाज इतका की बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मध्ये बोलावं लागतं. सोळा कोठ्या म्हणताच त्यांना काम आठवलं. ओलीचं विचारल्यावर ते रागावले. एक तयार कोठी ओढून पुढे आणली, तिच्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि मला खाली बसून तळ पाहायला लावला. अर्धा तास आम्ही चहा पीत तळाकडे बघत बसलो. थेंब पडला नाही.

मी माफी मागितली. ते म्हणाले, कोठी एकसारखी, पत्रा एकसारखा, फरक फक्त कड्यांचा. मी विचारलं, कसल्या कड्या?

"पाच कोठ्यांना आतून, तळाला, एक एक कडी. झाळून पक्की बसवून दिली. बाया स्वतः येऊन बसल्या होत्या, कडी पाहिल्याशिवाय उठल्या नाहीत."

कशासाठी, ते त्यांनी विचारलं नव्हतं. तिजोरी बनवणाऱ्याने आत काय ठेवणार असं विचारायचं नसतं, हा त्यांचा नियम. कोणत्या पाच कोठ्या ते मात्र त्यांना आठवेना. क्रमांक नंतर गावात रंगवले.

मला आठवण्याची गरज नव्हती. पाच म्हटल्यावर माझ्या हातातला चहा थांबला.

त्या रात्री खाणावळीत शेवभाजी मागवली. आमच्याकडे शेव चिवड्यात, इकडे लाल रश्शात बुडवून पोळीबरोबर. एका माणसाचं मागवता येत नाही, वाटी येते ती दोघांची. टाकणं मला जमत नाही म्हणून सगळी संपवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने न बोलता पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी झालेला तेवढाच व्यवहार.

साक्रीच्या पुढे

धान्यघर शाळेमागे आहे. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, छपरावर पाचटाचा थर. गटाच्या अध्यक्ष चंद्रकलाताई किल्ली घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बोलणं थेट. पहिल्याच मिनिटात त्यांनी विचारून घेतलं की मुलं किती, कुठे असतात, घरी स्वयंपाक कोण करतं. मीच करतो म्हटल्यावर त्यांनी मागे वळून ते इतर बायांना अहिराणीत सांगितलं. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि हशा पिकला. काय म्हणाल्या, विचारलं. चंद्रकलाताई म्हणाल्या, "काही नाही भाऊ. भाकरी गोल होते का, विचारतायत."

खरं सांगितलं की होत नाही.

दाराजवळ एक म्हातारी बाई पाय पसरून बसली होती. सगळ्या तिला अक्का म्हणत. नऊ नंबरची कोठी तिची. वय ऐंशीच्या पुढे असावं, नक्की तिलाही ठाऊक नाही. गट सुरू झाला तेव्हा बाकीच्या बाया बिचकत होत्या. घरातलं धान्य घराबाहेर ठेवायला कुणी तयार नव्हतं. आधी अक्काने आपलं धान्य आणून ओतलं, मग बाकीच्यांनी. हे मला चंद्रकलाताईंनी सांगितलं आणि वर हेही सांगितलं की इथे काही करायचं तर अक्काला विचारून.

मी सोळाही कोठ्यांना बाहेरून हात लावत फिरलो. मग विचारलं, यातल्या पाचांना आतून कडी आहे ना?

दोघी-तिघी अक्काकडे बघू लागल्या. मी उगाच बोलत राहिलो. व्यापाऱ्याला जुन्या मालाचा संशय आहे, एका पोत्यात किडा निघाला तरी व्यवहार मोडेल, सोळा घरांचं धान्य इथे पडून राहील. चंद्रकलाताई लाल झाल्या. जुना माल आम्ही मिसळत नाही, म्हणाल्या. माझी फोनवरची तपासणीची यादी त्यांनी दर वर्षी भरून दिली होती: कोठी रिकामी केली, झाडली, उन्हात तापवली. ती यादी मीच सांगलीत बसून लिहिली होती. आठ प्रश्न.

अक्का म्हणाली, "नऊ नंबर काढा. पाहू द्या त्याले."

कोठीच्या तळाचं दार उघडून पाच क्विंटल धान्य पोत्यांत भरायला पन्नास मिनिटं लागली. नववं पोतं भरताना धान्याचा वास बदलला. दहावं भरताना ते हाताला कोमट लागलं, आणि त्यातून पिठासारखी भुकटी यायला लागली. मग मी वरून आत वाकलो आणि विजेरी मारली. तळाच्या कडीला एक गाठोडं बांधलेलं होतं. दोन मुठींएवढं, कापड कधीकाळी लाल असावं. त्याच्यावर सोंडकिडे चालत होते.

मी ते सोडवून आणलं आणि अक्काच्या पुढे ठेवलं. तिने पदराने किडे झटकले.

"हाई माल नही, भाऊ. हाई लक्ष्मी शे," ती म्हणाली. "मनी सासूनी माले दिन्ही. तिले तिनी सासूनी. घर बठ्ठं रिकामं करं, तर ती परत येस का?"

हळूहळू सगळं कळलं. ही मूठ सासूकडून सुनेकडे चालत आलेली. कोठीतलं सगळं धान्य कधी काढायचं नाही, तळाशी मूठभर ठेवायचं. नवं आलं की त्यातलं चिमूटभर जुन्यात टाकायचं, म्हणजे मूठ आटत नाही. पूर्वी हे घरच्या मातीच्या कणगीत असायचं. पत्र्याच्या कोठ्या आल्या तेव्हा तळाच्या दारातून धान्यासोबत लक्ष्मी वाहून जाईल, ही भीती वाटली. म्हणून कडी, आणि कडीला गाठोडं. पाच घरांनी हे पाळलं. बाकीच्या अकरांनी घरीच डब्यात ठेवलं, किंवा सोडून दिलं. आणि या पाच मुठींत कितीतरी वर्षांचं धान्य होतं. त्यातले किडे वर्षभर वाट बघायचे आणि मार्चमध्ये वरून पाच क्विंटल ताजं धान्य पडलं की पसरायचे. दडवादडवी नव्हती. माझ्या आठ प्रश्नांत हा प्रश्न नव्हता, आणि बायांच्या लेखी ते धान्यच नव्हतं.

मला राग आला तो स्वतःचा. माझी आई तांदळाच्या डब्यात तळाशी मूठभर ठेवायची. बायकोही ठेवते. माहीत नसलेली गोष्ट नव्हती ही. बायको गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी घरातले सगळे डबे तळापर्यंत रिकामे केले, घासले, वाळवले, आकारानुसार लावले आणि चांगलं काम केलं असं मला वाटलं होतं. एवढ्या वर्षांत दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी कधी आल्या नाहीत. अक्काच्या पुढे उकिडवा बसलो असताना आल्या.

अक्काने एकच विचारलं, हे कागदावर लिहावंच लागेल का? म्हणजे तो मारवाडी वाचेल, त्याच्या घरचे वाचतील. मी म्हटलं, लिहावं लागेल. नाही लिहिलं तर जुना माल मिसळला हे खरं ठरतं. तिने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, लिहा, पण गावाचं नाव वर्तमानपत्रात नको. तिला वाटलं असावं की अहवाल वर्तमानपत्रात येतो.

उपाय सोपा होता, सांगायला अवघड. गाठोडी सात दिवस शीतपेटीत ठेवायची. थंडीने किडे आणि अंडी मरतात. मग वाळवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत भरायची आणि डबी त्याच कडीला टांगायची. लक्ष्मी जागेवर राहील, किडा राहणार नाही. गावात शीतपेटी एकच, किराणा दुकानात, कुल्फीची. दुकानदार कुरकुरला की कुल्फीत किडे जातील. चंद्रकलाताई त्याला म्हणाल्या, "लक्ष्मी स्वतःच्या पायांनी तुझ्या दुकानात येतेय आणि तू दार लावतोस?" त्याने पेटीचं झाकण उघडलं. चार गाठोडी दोन-दोन पिशव्यांत बांधून कुल्फीच्या खाली गेली.

अक्काने आपलं दिलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकतो. दोन दिवस पाचही कोठ्या रिकाम्या करून चाळल्या. तळाची सात पोती बाजूला निघाली, ती उन्हात पसरून पुन्हा चाळली आणि गावात राहिली. बाकीची एकशे त्रेपन्न पोती ठरल्या दिवशी जळगावला गेली. मी गाडीसोबत होतो. अहवाल मी आधी पारसभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्याने वाचला. शीतपेटीच्या ओळीवर थांबले. मग दर पाच पोत्यांमागे एक, अशी एकतीस पोती पांढऱ्या कापडावर ओतून स्वतः तपासली. अडीच तास लागले. किडा निघाला नाही. त्यांनी अहवालाची घडी खिशात घातली आणि हमालांना हात केला. गाडी उतरली. काठीचं काय काम, याचं उत्तर मला आता देता आलं असतं: कुठे विचारायचं ते ती सांगते, विचारायला जावं लागतंच. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सांगायचं राहिलं ते अक्काचं, गाडी भरण्याच्या आदल्या दिवसाचं.

सकाळी तिने मला घरी बोलावलं. एका खोलीचं घर, बाहेर ओटा, कडुलिंबाची सावली. गाठोडं ओट्यावर होतं. मी समजावणार होतो की बाकी चौघींसारखं तूही कर. तिनेच आधी बोलायला सुरुवात केली.

"त्या चौघींना सुना शेतस. त्या ठेवोत. मना मांगे कोन शे? आंडोर सुरतले. तठे पीठनी पुडी लयतस. मी ठंडीमा ठेवू, परत बांधू, कोनासाठे?"

चौघींच्या मुठी सुना पुढे ठेवतील; तिचे दोन्ही मुलगे सुरतेत आहेत, पिशवीतलं पीठ आणतात, परत येणार नाहीत. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मी म्हटलं, मग चिमण्यांना टाकू.

"टाकाले नही," ती म्हणाली. "खाई टाकूत. तू बी एकलाच खास ना?" मी एकटाच जेवतो हे तिने पहिल्या दिवशी ऐकलं होतं.

तिने गाठ सोडली. माझ्याकडे तोलकाटा होता, मी वजन केलं: चारशे वीस ग्रॅम. तिला त्याचं हसू आलं. धान्य तिने सुपात घोळलं, मग पाण्यात टाकलं. पोकळ दाणे वर आले ते काढून टाकले. तळाला राहिले ते ताटात पसरून उन्हात ठेवले, पाऊण तासात वाळले. त्यात काही दाणे तपकिरी, काही जवळजवळ काळे होते. कोणता कुणाच्या हातचा, कळायला मार्ग नाही. मी पुन्हा तोलले: दोनशे साठ. गिरणीवाला एवढ्यासाठी पट्टा चालवणार नाही म्हणून कोपऱ्यातलं जातं काढलं. खुंटा एकच. तिचा हात वर, माझा खाली. मी जातं तीन वेळा अडवलं, तेव्हा तिने माझा हात काढायला लावला आणि मी नुसतं दाणे घालत राहिलो.

जुन्या पिठाला चिकटपणा नसतो. पहिली भाकरी थापताना फुटली. तिने पीठ परत गोळा केलं, पाणी उकळून त्यात मळलं आणि पुन्हा थापली. या वेळी कडा चिरल्या पण भाकरी उभी राहिली. तीन झाल्या. सोबत मिरचीचा ठेचा आणि तेल. चव सांगायची तर थोडी कडवट, धुळीच्या वासाची, आणि शेवटी किंचित गोड. चावायला वेळ लागत होता. तिला दात कमी, ती तुकडा ठेच्यात भिजवून तोंडात धरून ठेवत होती. एक तिने खाल्ली, दीड मी. उरलेल्या अर्धीचे तिने दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या ताटात टाकला.

मी हात धुवायला उठलो. अक्काने ते लाल कापड रांजणाजवळ नेलं, दोनदा खळबळून पिळलं आणि ओट्यावरच्या तारेवर टाकलं. टाकताना त्याच्या चारही कडा ओढून सरळ केल्या. मी हातपाय धुऊन पिशवी उचलेपर्यंत ते वाळलं होतं.